अकोल्यातलं भरतीचं घड्याळ

अकोल्यात समुद्र नाही, याबद्दल भाड्याची खोली बघायला जाईपर्यंत तरी माझ्या मनात काही शंका नव्हती. ऊन आहे, धूळ आहे, मोर्णा नावाची नदी आहे आणि तिच्यावर जलकुंभीचं हिरवं जाजम पसरलेलं आहे, एवढी माझी माहिती. मी पडले अमरावतीची. अमरावतीच्या माणसाला अकोल्याबद्दल याहून जास्त जाणून घ्यावंसं वाटत नाही, आणि अकोल्याची माणसं अमरावतीबद्दल नेमकं हेच म्हणतात, म्हणजे फिट्टमफाट. कॉलेजात मराठी शिकवायची नोकरी लागली म्हणून आले, नाहीतर कोण येतं.

नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत, असं कॉलेजच्या शिपायानं सांगितलं आणि सांगताना तो उगाचच हसला. का हसला ते दारात उभी राहिल्यावर कळलं. समोर बनियन-पायजम्यातले उंच, उन्हानं रापलेले म्हातारे गृहस्थ. खोली मागायला आलेल्या एकट्या बाईला काय काय विचारतात ते मला पाठ होतं. लग्न झालं का, कुणाच्या तुम्ही, मटण खाता का, घरी येणार-जाणार कोण. यांनी यातलं काहीच विचारलं नाही. यांचा पहिला प्रश्न, भांडी घासली की पाणी कुठं ओतता. मी म्हटलं, मोरीत. मोरी कुठं जाते? नालीत. आणि नाली? मला आता राग यायला लागला होता. जात असेल कुठंतरी, मी म्हटलं. मग त्यांनी विचारलं, अमरावतीत तुमच्या घराजवळ कोणता नाला आहे. अंबा नाला, मी म्हटलं. तो पुढं कुठं जातो हे मला उभ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हा उंबरठ्यावर उभं राहूनच त्यांनी माझ्या नाल्याची वंशावळ सांगितली. अंबा नाला पेढी नदीला मिळतो, पेढी पूर्णेला. इकडून मोर्णाही पूर्णेलाच. पूर्णा तापीला, आणि तापी पार सुरतेच्या पलीकडं जाऊन समुद्राला. "म्हंजे तुमी बी माह्याच खाडीच्या," ते म्हणाले. "राहा. फक्त ॲसिड टाकून संडास धुवाचा नाई. खाली लोक राह्यतात." खाली म्हणजे खालच्या मजल्यावर असं मी समजले. पुष्कळ दिवसांनी कळलं की खाली म्हणजे सुरतेत.

गल्लीत त्यांना खाडीवाले म्हणत. तोंडावर काका. उभी नोकरी त्यांनी तापीच्या मुखावरच्या बंदरात काढली होती. काम काय, तर गाळ मोजायचं. नदी समुद्राला मिळते तिथं रोज दोन वेळा समुद्रच नदीत शिरतो आणि दोन वेळा मागं सरतो, आणि या जाण्यायेण्यात तळाशी गाळ बसत जातो. जहाजं त्या गाळात रुतू नयेत म्हणून कुणीतरी लाँचवर उभं राहून सारखं तळ मोजत राहावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे आमचे काका. दर्यापूरकडच्या एका खेड्यातला, नदी म्हणजे आठ महिने कोरडी वाळू आणि चार महिने पूर एवढंच माहीत असलेला कुणब्याचा पोरगा तिथं कसा पोचला, हे त्यांनाही नीट सांगता येत नसे. कुणीतरी म्हणालं जागा निघाल्यात, म्हणून गेले. पहिल्याच दिवशी लाँचवरून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं, तेव्हा खलाशी हसले. यांना मात्र बरं वाटलं. आमच्या दर्यापूर भागात विहिरीचं पाणी खारं असतं. खारपाण पट्टा म्हणतात त्याला. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, आणि पाहुण्याला पहिल्या घोटाला ठसका लागतो. "मले वाटलं, घरीच आलो," असं ते सांगायचे.

निवृत्त होऊन आले ते सोबत बंदर घेऊनच. जिन्याखाली एक जुनं भिंतीवरचं घड्याळ होतं, काच काढून टाकलेलं. तबकडीच्या कडेला मेणानं दोन कागदी चिकट्या लावलेल्या, निळी भरतीची आणि लाल ओहोटीची. रोज आंघोळ झाली की काका पंचांग उघडायचे, तिथी बघायचे, ओठ हलवत काहीतरी हिशेब करायचे आणि दोन्ही चिकट्या साधारण पाऊण तास पुढं सरकवायचे. चंद्र रोज तेवढा उशिरा उगवतो, म्हणून समुद्रही तेवढाच उशिरा येतो, असं त्यांनी मला एकदा समजावलं होतं आणि मी मान हलवली होती. तापीच्या मुखाशी या क्षणी पाणी चढतंय की उतरतंय हे अकोल्यात बसून माहीत असण्याची कुणाला काय गरज, असं मी काकूंना विचारलं. काकू म्हणजे त्यांची बायको. ठेंगणी, सावळी, आणि बोलायची पाळी आलीच तर चार शब्दांत उरकणारी. त्या म्हणाल्या, दुसऱ्याच्या नवऱ्याले पत्त्याचा नाद असते, याइले पाण्याचा.

आता रोज सकाळी पंचांग उघडणारा माणूस म्हटल्यावर गल्लीचा व्हायचा तो गैरसमज झालाच. बाया विचारायला यायच्या, काका, पोरीच्या साक्षगंधाले टाइम कोणता चांगला. काकांचा मुहूर्तावर काडीचा विश्वास नाही, पण बाईमाणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं कसं, म्हणून ते घड्याळाकडं बघून भरतीची वेळ सांगून मोकळे व्हायचे. पाणी चढत असताना केलेलं काम वाईट कशाला होईल, एवढाच त्यांचा तर्क. आमच्या गल्लीतली कितीतरी साक्षगंधं आणि गृहप्रवेश सुरतेच्या भरतीवर पार पडलेत, आणि मी स्वतः पाहिलंय, सगळ्यांचं बरं चाललंय.

नळ आमच्याकडे काही दिवसांआड यायचा. तो आला की काका जिन्यातून शांतपणे सांगायचे, भरती लागली. मग हंडे, बादल्या, ड्रम, सगळ्या बिऱ्हाडांची धावपळ. नळ गेला की ते अंगणातल्या टाक्याचं झाकण काढून आत दोरी सोडायचे. दोरीच्या टोकाला शिशाचा लंबुळका गोळा, बुडाला खळगा. बंदरात त्या खळग्यात चरबी भरतात, म्हणजे तळाचा गाळ तिला चिकटून वर येतो आणि खाली वाळू आहे की चिखल ते बघता येतं. टाक्यात डोकावलं तरी पाणी किती ते दिसत होतं. पण दोरीवरच्या खुणा बोटांनी चाचपल्याशिवाय त्यांना ते खरं वाटायचं नाही. काकू म्हणायच्या, सैपाकाच्या गंजात तेवढं नोका सोडू थे. गंज म्हणजे पातेलं.

एका वर्षी शहरानं मोर्णा साफ करायचं मनावर घेतलं. शाळांची पोरं आली, साहेब लोक गमबूट घालून आले, जलकुंभीचे डोंगर काठावर रचले गेले, सगळ्यांचे फोटो निघाले. आमचं कॉलेजही होतं, म्हणून मीही होते. काका आपली दोरी घेऊन आले, पुलावरून पाण्यात सोडली आणि वर काढून शिशाचा गोळा नाकाशी धरला. मग खाली येऊन, जे साहेब भाषण करत होते त्यांच्याच नाकाशी धरला. साहेब दोन पावलं मागं सरले. काकांचं म्हणणं इतकंच होतं की वरची हिरवळ काढताय ते चांगलं आहे, पण पाण्याला काही विचारू नका, पाणी रोज नवं असतं. गाळाला विचारा. त्याच्याजवळ सगळं असतं.

हे सांगून घरी गेले असते तर प्रश्न नव्हता. पण ते नदीतला दोन बादल्या गाळ घेऊन आले आणि गच्चीवर वर्तमानपत्रांवर पसरून ठेवला. गच्चीवर माझ्या साड्या वाळत होत्या. तो वास मी आयुष्यात विसरणार नाही, आणि त्या साड्यांपैकी एक अजून विसरलेली नाही. मी भांडायलाच वर गेले. काका उकिडवे बसून काडीनं एकेक थर उलगडत होते. वरच्या थरात पुड्यांची चकचकीत कागदं, केस, प्लास्टिकच्या पन्न्या. त्याखाली काळाकुट्ट, तेलकट, सडक्या अंड्यासारखा घाणेरा थर, ज्यात एक गांडूळही नव्हतं. आणि सगळ्यात खाली चिकट, स्वच्छ, काळी माती. आपल्या शेतातली. त्यांनी ती चिमटीत धरली आणि मला म्हणाले, बघा मॅडम, एवढं सगळं डोक्यावर घेऊन ही खाली अजून जशीच्या तशी आहे. भांडायला आलेली मी तिथंच बसले.

खाडी निरोगी आहे की आजारी हे कसं ओळखायचं, तेही त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. पाण्याचा रंग बघायचा नाही. कापडाच्या रंगाचे कारखाने आहेत तिथं पाणी सोमवारी लाल आणि मंगळवारी निळं असतं. पाणी उतरलं की काठाचा चिखल बघायचा. चिखलावर बोटभर लांबीचे, डोळे वर आलेले मासे उड्या मारत फिरतात, निवट्या म्हणतात त्यांना. त्या नाचत असल्या तर खाडी जिवंत. त्या दिसेनाशा झाल्या की समजायचं, आता नुसती मोठी नाली उरली.

आपल्या आईबद्दल ते एकदाच बोलले. उन्हाळ्यातली संध्याकाळ होती, गच्चीवर पाणी शिंपडून आम्ही तिघं बसलो होतो. त्यांची आई गेली तेव्हा पावसाळा होता आणि काका लाँचवर होते. निरोप मिळाला, निघाले, पण पूर्णेला पूर. दर्यापूरच्या अलीकडंच गाड्या अडकल्या. गावात पोचले तोवर आईची राखसुद्धा पूर्णेत सोडून झाली होती. तोंड दिसलं नाही. त्यांना काही रडू आलं नाही, असं ते म्हणाले, नुसतं बसून होते. तेव्हा मोठा भाऊ जवळ येऊन म्हणाला, "आता काहून बसला. माय तुह्याकडंच येऊन राह्यली. जाय, पाह्यत राह्यजो."

आणि काका खरंच गेले आणि पाहत राहिले. त्या पावसाळ्यानंतर तळाचा जो गाळ चरबीला चिकटून आला तो नेहमीसारखा करडा नव्हता. काळा होता, चिकट होता, बोटाला सोडत नव्हता. त्यांनी तो जिभेवर ठेवून पाहिला. खलाशाला म्हणाले, ये मेरे गाँव की मिट्टी है. खलाशी म्हणाला, होगी भाई. "थे लोक उपसून फेकत होते," काका मला म्हणाले. "त्याइच्यासाठी गाळ. मी रोज म्हणो, माय, जराक बाजूले सरक, जहाज येऊन राह्यलं." हे सांगताना ते हसले आणि पाणी प्यायला म्हणून खाली गेले ते वर आलेच नाहीत. मागून काकूंनी सांगितलं की बढती देऊन मोठ्या बंदराला पाठवत होते, दोनदा. दोन्ही वेळा यांनी नको म्हणून कळवलं आणि कारण काही सांगितलं नाही. साहेबाला काय सांगणार, काकू म्हणाल्या.

आता त्या आखाजीकडं यावं लागेल. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पुण्यामुंबईला त्या दिवशी सोनं घेतात म्हणे. आमच्या वऱ्हाडात पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि आमरस-पोळीचं जेवण करतात. काका देवधर्मातले नव्हते, पण आईची घागर चुकवत नसत, आणि ती नळाच्या पाण्यानं भरत नसत. गावच्या विहिरीचं खारं पाणी कॅनमधून आणवायचे. कोणीही प्यालं तर तोंड वाकडं करील असं पाणी, पण आईला तेच ओळखीचं. ते पाणी त्यांचा पुतण्या घेऊन यायचा. त्या मोठ्या भावाचाच मुलगा. पातूरकडच्या एका लहानशा धरणावर इंजिनिअर. स्वभावानं सोन्यासारखा, तोंडानं मोकाट. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं, तेव्हा जे काय ते हाच.

जेवणं चालली होती. मलाही वाढलं होतं. बोलता बोलता पुतण्यानं आपल्या धरणात किती गाळ साठला त्याची तक्रार सुरू केली, आणि आमरसाची वाटी पुढं करत सहज, अगदी सहज म्हणाला, "काका, आजी खरंच तिथवर आली असन असं वाटते का तुमाले? मधी एवढं मोठं धरण हाये तापीवर. गाळ सारा तिथंच बसते."

मला वाटलं काका चिडतील. ते पोळी मोडत होते, मोडत राहिले. "मले मालूम हाये," ते म्हणाले. "वरचा गाळ येणं बंद झालं हे साहेबाले मीच लिवून देत होतो."

"मंग?"

"मंग काय. माय हाये थे. धरणाले इचारून येईन काय?"

इथं कुणीही थांबलं असतं. पण इंजिनिअरला चुकीचं उत्तर तसंच सोडवत नाही. तो म्हणाला, इचारून नाही येत काका, पण कोणी सोडल्याबिगर बी येत नाही. काकांच्या हातातला घास हातातच राहिला. मग त्यांनी तो ताटात ठेवला, हात धुतला आणि जिन्याखाली जाऊन बसले. पुतण्याला आपण काय बोललो ते कळलं तेव्हा तो इतका ओशाळला की घागरीजवळ जाऊन कान धरून उभा राहिला, म्हणजे आजीची माफी मागत होता की काकाची, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी काकांनी चिकट्या हलवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. पंचांग खुंटीवरून निघालंच नाही. नळ आला आणि गेला, कुणी भरती म्हटलं नाही. खालच्या बिऱ्हाडातली बाई भांडायला आली की तुम्ही सांगितलं नाही म्हणून आमचे ड्रम रिकामे राहिले. काका रोज संध्याकाळी मोर्णेच्या पुलावर पाणी बघायला जायचे, तेही बंद झालं. इतकी वर्षं जे त्यांना ठाऊक होतं तेच कुणीतरी ताटावर बसून मोठ्यानं म्हटलं होतं, एवढंच काय ते झालं होतं. पण माणूस बसल्या जागी म्हातारा दिसायला लागला. काकू मला जिन्यात म्हणाल्या, "पोरी, याइची ओहोटी लागली व." मला त्यांचा राग आला, पुतण्याचा आला आणि त्या मेल्या धरणाचाही आला.

शेवटी एका सकाळी मीच पंचांग काढलं, तिथी पाहिली, काकांसारखेच ओठ हलवले आणि दोन्ही चिकट्या सरकवून कॉलेजात गेले. संध्याकाळी आले तर काका जिन्याच्या तोंडाशी उभे, चेहरा लालबुंद. घड्याळाला हात कुणी लावला? मी म्हटलं, मी. मग जे काही ऐकून घेतलं ते इथं सगळं लिहीत नाही. मी चिकट्या पुढं सरकवायच्या त्या मागं सरकवल्या होत्या. मराठीची मास्तरीण झाली म्हणून काय समुद्र आज कालच्या आधी येईल काय, असं ते म्हणत होते आणि बोलता बोलता नखानं मेण खरवडून चिकट्या जागेवर लावत होते. काकू स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसल्या. दुसऱ्या सकाळी पंचांग पुन्हा निघालं. आईचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढं माझी बदली अमरावतीला झाली. सामान टेम्पोत चढत होतं, पुतण्या दोऱ्या बांधायला आला होता. काका खाली आले आणि आम्हा दोघांना आणि काकूंना ऐकू जाईल असं एकदाच बोलले. "माह्यं झालं का मले पूर्णेत नोका सोडू. अटकून जाईन. धरणाच्या खाली नेजा, खाडीत. मूठभरच. फडकं नाई, नारळ नाई, पन्नी नाई. बाकीचा त्या लिंबाखाली टाका. आन खाडीवर गेले का आधी पाणी पाह्यजा." टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, काका, जाताना काय हे अभद्र. त्यांनी विचारलं, अंबा नाल्याचं पाणी कुठं जाते? मी पेढी, पूर्णा, तापी असं पाठ म्हणून दाखवलं तेव्हा मला जाऊ दिलं.

ते गेले तेव्हा मी अमरावतीहून पोचले, तोंड दिसलं. झोपेत गेले होते. काकू शांत होत्या. चिकट्या जागेवर होत्या. गेले त्याच्या आदल्या सकाळी त्यांनी लावलेल्या. बाकीची राख अंगणातल्या कडुलिंबाखाली गेली आणि मूठभर एका पितळी डबीत राहिली.

सुरतेला आम्ही तिघं गेलो. काकू, पुतण्या आणि मी. पुतण्यानं सगळी तयारी चोख केली होती. अकोल्याहून गाडी, उतरायला खोली, धरणातून सध्या पाणी किती सोडतात तेसुद्धा फोनवर बघून ठेवलेलं. आणि काकूंनी पंचांग बघून दिवस काढला होता. पंचांग सोबत पिशवीतही होतं. शहर संपेपर्यंत रिक्षा, मग कारखान्यांच्या चिमण्यांच्या आणि टाक्यांच्या रांगा, मग एकदम उघडं आभाळ आणि डोळ्यांत मावणार नाही एवढं मातकट पाणी. एवढी रुंद नदी मी कधी पाहिलेली नव्हती. पलीकडं जहाजं उभी होती. वाऱ्याला रंगाचा आणि सडक्या मासळीचा वास होता, काठच्या तिवरांच्या मुळांना पन्न्या लटकलेल्या होत्या आणि एका नाल्याच्या तोंडाशी जांभळा फेस साचला होता. मला रडूच आलं. या घाणीसाठी का एवढा जीव टाकला माणसानं.

तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं आणि बोटानं दाखवलं. काठावर चिखलाची एक पट्टी अजून पाण्याबाहेर उरली होती. तिच्यावर काहीतरी हललं. मग दुसरं. मग दिसायला लागलं की सगळी पट्टीच हलते आहे. बोटभर मासे, डोळे वर आलेले, पंखांवर रेटा देत उड्या मारत होते. निवट्या. जांभळ्या फेसापासून हातभर अंतरावर नाचत होत्या. मी रडता रडता हसायला लागले, आणि पुतण्या मला विचारायला लागला, ताई, काय झालं.

नाव घेतली. नावाडी म्हातारा होता, तिथलाच. खाडीच्या मध्यावर आल्यावर काकूंनी डबी उघडली. फडकं नाही, नारळ नाही. हात पाण्यात बुडवून मूठ सोडली. करडी राख पाण्यावर पसरली, एक घडी एका जागी थांबली आणि हलली. समुद्र आमच्या डाव्या हाताला होता. राख उजवीकडं निघाली.

आधी कुणाला काही उमजेना. मग पुतण्या नावेत उभा राहिला. नदी म्हणजे वरून खाली जाणारं पाणी, हे आम्हा वऱ्हाडी माणसांच्या हाडात बसलेलं. गाडीची वेळ पाहिली, धरणाचं पाणी पाहिलं, शुभ तिथी पाहिली, आणि ज्या तिथीवरून तो माणूस उभा जन्म भरती-ओहोटी सांगत आला ती समोर असून पाणी कुणीच पाहिलं नाही. जाताना एवढी एकच गोष्ट सांगून गेला होता तो. नावाड्यानं वल्हं थांबवलं आणि समजावलं, "अभी तो भरती है बहन. पानी ऊपर जाता है. ओट लगेगा तब दरिया में जाएगा." ओट म्हणजे ओहोटी.

"काका उलटे चालले," पुतण्या म्हणाला. आखाजीच्या ताटावरचं आपलं वाक्य त्याला त्या घडीला ऐकू येत होतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. वर शहराचा बंधारा आहे, त्याच्या वर ते धरण आहे, ही राख तिथवर जायची नाही, हे मलाही कळत होतं. एवढं सांगून ठेवलं आणि आपण तेवढंच नेमकं चुकलो.

काकू मात्र वाकून बघत होत्या. पाणी राखेला घेऊन संथपणे वर, शहराकडं, पूर्णेकडं, अकोल्याकडं चाललं होतं.

"बराबर चालले," त्या म्हणाल्या. "माय अटकून हाये न तिकडं, धरणात. तिले आणाले चालले."

नावाड्यानं विचारलं, ओट लागेपर्यंत थांबायचं का. काकूंनी डबीचं झाकण लावलं आणि डबी पंचांगाशेजारी पिशवीत ठेवली.

"काहून थांबाचं? ओहोटी लागली का येतीन दोघं."